खंडेनवमीच्या आधी

आर्वी, जि. वर्धा
आश्विन शुद्ध पंचमी

चि. बेटा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चार छायाचित्रे मिळाली. पत्र मी दोनदा वाचले. छायाचित्रे मात्र ओसरीवर सकाळच्या उजेडात भिंगाखाली धरून, चहा गार झाल्याचे तुझ्या काकूने तिसऱ्यांदा सांगेपर्यंत पाहत बसलो. आजोबांच्या संदुकीत सारापावत्यांच्या गठ्ठ्याखाली सापडलेल्या त्या रिव्हॉल्व्हरबद्दल तुझे थोरले काका म्हणतात की ती १८५७ च्या धामधुमीत पळालेल्या कुणा साहेबाची आहे. धाकटे काका म्हणतात की पणजोबांनी ती १९४२ च्या ऑगस्टात आष्टीच्या लढ्यासाठी दडवून ठेवली होती. नागपूरचा एक दलाल म्हणतो की निकेल चढवून आणि स्प्रिंग बदलून 'चालू' करून घेतली तर लाखांत जाईल. या तिघांच्या मधोमध तू उभी आहेस आणि कुणाचे ऐकू म्हणून मला विचारतेस.

तूर्त कुणाचेच ऐकू नकोस. पोलीस पाटलाला सांगून ठाण्यात लेखी कळवलेस आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतलीस, हे तू फोनवर सांगितलेच आहेस, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. ठाणेदार दसरा आटोपल्यावर पंचनाम्याला येणार आहेत आणि तोवर वस्तू संदुकीत कुलपाआड राहणार आहे, तेही ठीक. माझी काळजी वेगळीच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते. त्या दिवशी तुमच्या वाड्यात कोयते, कुऱ्हाडी, वखराच्या पासा आणि ती जुनी भरमार बंदूक अंगणात मांडून घासण्याची रीत आहे, आणि थोरल्या काकांना यंदा त्या मांडणीत रिव्हॉल्व्हर चमकत असलेली हवी आहे.

बेटा, ती घासू नकोस आणि कुणाला घासू देऊ नकोस. पुढे पत्रात मी कायदा सांगेन, खुणा सांगेन, पण त्यातले सगळे विसरलीस तरी चालेल. हे एवढे विसरू नकोस. चिंच नको, विटेची भुकटी नको, राख नको, एमरी पेपर तर मुळीच नको. दलालाचे निकेल हेही घासणेच आहे, कारण निकेल चढवण्याआधी लोखंड बफवर धरून गुळगुळीत करतात आणि त्यात आधी जातात ती अक्षरे.

मी एवढा का ओरडतो आहे, ते तुला ठाऊक नाही. घरातही फारसे कुणाला ठाऊक नाही.

१९७१ च्या खंडेनवमीला मी सोळा वर्षांचा होतो आणि मामांच्या गावी होतो. मामांच्या घराण्याची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, १९५१ साली कायद्याने गेली होती. उरले होते ते वाडा, दोन आंबराया आणि बैठकीतल्या खुंटीवर कातडी म्यानात टांगलेली एक रिव्हॉल्व्हर. तिला एकाखाली एक असे दोन चाप होते. खालचा चाप कडीच्या बाहेर, मधल्या बोटाखाली यायचा. तो ओढला की घोडा मागे जाऊन चकरी एक घर फिरायची, आणि मग वरचा चाप हलकेच दाबला की घोडा पडायचा. आम्हा पोरांना ती करामत वाटायची. ही बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरची रचना आहे, तिचे पेटंट १८५३ चे आहे, आणि अशी दोन चापांची टोपीवाली, म्हणजे काडतुसाऐवजी बार भरून वर स्फोटक टोपी बसवून उडवायची, रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानात चाकरीला आलेले अनेक गोरे अधिकारी बाळगत असत, हे मला त्यानंतर वीस वर्षांनी कळले. त्या दिवशी मला एवढेच कळत होते की ती काळी पडली आहे आणि मामा खूश झाले पाहिजेत.

मी आधी चिंचेने घासली, मग विटेच्या भुकटीने. डाग जाईनात म्हणून पिठाच्या गिरणीवरून एमरी पेपरचा तुकडा आणला. चकरीच्या वर, घोड्यापासून नळीपर्यंत जी सपाट पट्टी असते तिच्यावर बारीक वेलबुट्टी होती आणि वेलबुट्टीच्या मधोमध इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती. त्या ओळीतला शेवटचा शब्द 'कलकत्ता' होता, एवढे मी वाचले होते. त्याआधी एक नाव होते, पण ते मी वाचले नाही, कारण काळ्या रेघांत मळ अडकला आहे असे समजून मी त्यांच्यावरच जोर देत होतो. चौकटीच्या उजव्या बाजूला एक आकडा होता. तोही गेला. संध्याकाळी मामांनी ती उन्हात धरली आणि म्हणाले, "पाहा बरं, चांदीवानी चमकून राह्यली." माझ्या पाठीवर थाप पडली, आणि ती थाप आजही मला नकोशी वाटते.

आता तुझ्या छायाचित्रांकडे वळतो, नाहीतर मी मामांच्या वाड्यातून बाहेर पडणार नाही.

पहिले छायाचित्र नळीच्या तोंडाकडून काढले आहेस आणि ते पाहून मी खुर्चीतून उठलोच. काढताना तुझे तोंड कुठे होते? आत काडतूस नसेल हे तुला कुणी सांगितले? शंभर वर्षे पडून असलेले काडतूस मेलेलेच असते असे नाही. यापुढे तिला हात लावायचा नाही आणि चकरी फिरवून आत डोकावायचेही नाही. ते काम ठाण्यातून येणारा जाणकार करील. मात्र त्या वेड्या छायाचित्राने एक गोष्ट सांगितली. तुमच्या घरात चार पिढ्या तिला 'सहाबारी' म्हणत आल्या आहेत, आणि चकरीला घरे पाच आहेत. म्हणजे इतक्या वर्षांत कुणी ती मोजलीसुद्धा नाहीत. घरच्या गोष्टीला किती वजन द्यायचे, ते इथूनच ठरव.

दुसऱ्या छायाचित्रात चकरीवर एक अंडाकृती शिक्का दिसतो. त्यात ई, एल, जी ही तीन इंग्रजी अक्षरे आहेत, खाली तारा आहे आणि अंडाकृतीच्या डोक्यावर छोटासा मुकुट आहे. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराचा शिक्का. नळी आणि चकरी जास्तीच्या बाराने तपासून, फुटली नाही तर हा ठसा मारत. अंडाकृती जुनी आहे, पण तिच्यावरचा मुकुट १८९३ पासूनचा आहे. मुकुट आहे म्हणजे ही वस्तू १८९३ च्या आधी त्या चाचणीघरातून बाहेर पडलेली नाही. १८५७ चा साहेब तिथेच संपला.

थोरले काका यावर म्हणतील की पट्टीवर 'ब्रिटिश' असे कोरले आहे, मग बेल्जियम कुठून आले? पूर्ण ओळ वाच, तिथे 'ब्रिटिश बुल डॉग' आहे. ते कुणा साहेबाचे नाव नाही, रिव्हॉल्व्हरच्या एका जातीचे नाव आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्लींनी १८७२ मध्ये कोटाच्या खिशात मावणारी, आखूड नळीची, पाच घरांची रिव्हॉल्व्हर याच नावाने बाजारात आणली. ती इतकी खपली की लिएजच्या कारागिरांनी तिच्या नकला करून तेच नाव कोरून जगभर विकल्या. इंग्लंडची वस्तू असती तर इंग्लंडचा ठसा असता. बर्मिंगहॅमचा असेल तर १९०४ पूर्वी मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड आणि त्यानंतर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही., एन.पी. ही अक्षरे, लंडनचा असेल तर मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी आणि पी. सरकारी मालावर बाणाचे टोक असते आणि हिंदुस्थान सरकारचा असेल तर त्या बाणाखाली आय हे अक्षर असते. तुझ्या चारही छायाचित्रांत यांतले काहीच नाही. ती खाजगी, बाजारातून घेतलेली, त्या काळी स्वस्तातली म्हणावी अशी वस्तू आहे.

वाईट वाटले असेल. वाटू दे. पण यातले प्रत्येक वाक्य मला सांगता आले ते केवळ पणजोबांनी आणि आजोबांनी आळसाने म्हणा की विसरून म्हणा, ती कधी घासली नाही म्हणून. मुकुट तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. एमरी पेपरचे चार हात पडले असते तर मुकुट गेला असता, अंडाकृती अर्धी राहिली असती, आणि थोरल्या काकांचा १८५७ चा साहेब तुमच्या बैठकीत आणखी शंभर वर्षे सुखाने बसला असता. आणि साहेबाला उठवल्यावर धाकट्या काकांनाही लगेच खोटे पाडू नकोस. १८९३ नंतरची वस्तू १९४२ साली तुमच्या घरात असायला कुणाची हरकत? लोखंड तिथे गप्प आहे. तिथून पुढे कागद बोलला तर बोलेल.

कागद कुठे शोधायचा, ते सांगतो. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत आला आणि तेव्हापासून आपल्या माणसाला बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. मालगुजाराला तो मिळत असे. परवाना म्हणजे पुस्तिका, आणि पुस्तिकेत शस्त्राचा प्रकार, क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि दर नूतनीकरणाचा शिक्का. हे शिक्के ओळीने वाचत गेलीस तर घराण्याची सगळी वर्षे हाती लागतात. १९४२ च्या आसपासचे पान पाहा. तिथे शिक्का नियमित पडला असेल तर रिव्हॉल्व्हर 'दडवलेली' नव्हती, राजरोस परवान्यावर होती. शिक्का तुटला असेल तर का तुटला, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आजोबांच्या अर्जांत, दंडाच्या पावतीत, एखाद्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर सापडते. तुमचे गाव वर्धा जिल्ह्यातले, म्हणजे मध्य प्रांतातले, वऱ्हाडातले नव्हे. अमरावतीच्या दप्तरात शोधत बसशील तर वेळ जाईल. १९५६ पर्यंत राजधानी नागपूरला होती, हेही ध्यानात ठेव. सारापावत्यांचा तो गठ्ठा सोडवताना दोरी कापू नकोस, गाठ सोड. आणि कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यांवर पेन्सिलीने आकडे घाल. कागद 'नीट लावणे' हीही घासण्याचीच एक तऱ्हा आहे.

दलालाबद्दल. तो तुला सांगत असेल की जुन्या वस्तूला परवाना लागत नाही. हे अर्धवट वाचलेल्या कायद्याचे बोलणे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुराण मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारे नसावे. ही अट मी कचेरीत शेकडो अर्जदारांना बोट ठेवून वाचून दाखवली आहे आणि शेकडो जणांनी ती ऐकल्यासारखे केले आहे. आता दलालाचे वाक्य पुन्हा वाच: स्प्रिंग बदलून चालू करून देतो. म्हणजे दुरुस्त करून चालते हे तोच कबूल करतो आणि सूट नाही हेही त्यानेच सिद्ध केले! शिवाय त्याच कायद्याच्या ८ व्या कलमाने शस्त्रावरचे नाव, क्रमांक वा खूण पुसणे हाच गुन्हा आहे, मग ती खूण एमरीने जावो की निकेलखाली. परदेशातल्या गिऱ्हाइकाची भाषा तो करू लागला तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा त्याच्या तोंडावर फेक; शंभर वर्षांपलीकडची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

तू पत्राच्या शेवटी लाजत लिहिले आहेस की तुलाही अशा रिव्हॉल्व्हर जमवाव्याशा वाटतात. लाजायचे कारण नाही, पण जमवणे म्हणजे काय याचा आधी निकाल लाव. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा भिंतभर मांडणीचे स्वप्न आपल्याकडे सामान्य माणसाने पाहू नये. माझ्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नाही, कधीच नव्हती. माझ्याकडे एक लांबट बांधणीची वही आहे. तिच्यात एकेचाळीस रिव्हॉल्व्हर आहेत: कुणाच्या घरी पाहिली, कोणता ठसा कुठे, मूठ लाकडाची की शिंगाची, पट्टीवर बनवणाऱ्याचे नाव की विकणाऱ्याचे. हा फरक विसरू नकोस. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांचे नाव असले की लोक त्यांनाच कारागीर समजतात, पण कित्येकदा ते दुकानदाराचे नाव असते आणि माल बर्मिंगहॅमचा. नागपूरच्या अजब बंगल्यातल्या शस्त्रदालनात मी काचेला नाक लावून इतक्या वेळा उभा राहिलो आहे की तिथला पहारेकरी आता मला पाणी विचारतो. लोक याला संग्रह म्हणत नाहीत. न म्हणोत. ज्यांच्या भिंतीवर दहा-दहा शस्त्रे होती असे दोन संग्राहक मी पाहिले आहेत आणि दोघांनीही सगळी शस्त्रे आरशासारखी घासून ठेवली होती. कुठली, कुणाची, कधीची, काही सांगता येत नव्हते. त्यांना मी वहीत घेतले नाही.

मामांच्या रिव्हॉल्व्हरचे पुढे काय झाले ते आता लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

मामा गेल्यावर परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही आणि रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झाली. तोवर मी सरकारी नोकरीत होतो आणि एका जिल्ह्याच्या कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर बसत होतो. जमा शस्त्रांची यादी निकाली काढायला आली आणि त्या यादीत ती होती. वर्णन वाचताक्षणी ओळखली: दोन चाप, टोपीची, मूठ लाकडी. ती संग्रहालयात द्यावी अशी टिपणी मी लिहिली. वरून एकच शेरा आला, 'क्रमांक व निर्माता नमूद करावा.' ठाण्यात जाऊन मी ती हातात घेतली. उजव्या बाजूला जिथे आकडा असायला हवा होता तिथे माझ्याच हाताचे ओरखडे होते, एका दिशेने, सोळा वर्षांच्या पोराच्या जोराचे. ट्रँटरच्या आकड्याच्या शेपटीला पुष्कळदा टी हे अक्षर असते; तेवढे तरी लागावे म्हणून मी बोट फिरवून पाहिले. काहीच लागले नाही. परत येऊन रकान्यात लिहिले: 'अपठनीय'. पुढच्या खेपेला यादी मंजूर होऊन आली आणि त्यातली शस्त्रे मोडीत काढण्यात आली.

मी काय करायला हवे होते, हे तू मनात विचारशील. नातलगाची बाब म्हणून ती फाइल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती, असे काही जण म्हणतील. पण दुसऱ्याने एक टिपणीसुद्धा लिहिली नसती. आकडा अंदाजाने लिहावा असे एका सहकाऱ्याने सुचवले होते, कोण तपासतो म्हणून. मी ते केले नाही आणि आजही करणार नाही. खोटा आकडा लिहून वस्तू वाचवली असती तर तिच्याबद्दलचे प्रत्येक पुढचे वाक्य त्या खोट्यावर उभे राहिले असते. नियमाप्रमाणे मला 'अपठनीय'शिवाय दुसरा शब्द लिहिता येत नव्हता. हे मी तीस वर्षे स्वतःला सांगत आलो आहे आणि ते खरेही आहे. फक्त त्या टेबलावर बसलेला कारकून निर्दोष होता म्हणून एमरीवाला पोरगा सुटत नाही.

असो. आता दोन दिवसांचे काम सांगतो. थोरल्या काकांशी वाद घालू नकोस, त्यांचा पूजेचा हट्ट मोडू नकोस. रिव्हॉल्व्हर संदुकीतच राहू दे आणि तिच्या नावाने पाटावर एक सुपारी मांड. हळद-कुंकू, झेंडूचे फूल आणि आपट्याची पाने काय वाहायचे ते सुपारीला वाहा. काका ऐकतील, नाहीच ऐकले तर मला फोन लाव, मी बोलतो. आमचे जुने भांडण आहे, पण माझा शब्द ते टाकत नाहीत. संदुकीत कातडी म्यान असेल तर ठाण्याची माणसे येतील तेव्हा रिव्हॉल्व्हर त्यातून काढून निराळी ठेवायला सांग. कातडे ओल धरते आणि लोखंडाला आतून खाते. गंजाची तांबूस भुकटी दिसली तरी बोट लावू नकोस. शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात सुती फडक्याने कसा फिरवायचा ते मी समोर बसून दाखवीन.

पंचनाम्याच्या दिवशी मी सकाळच्या एसटीने येतो. भिंग आणि वही बरोबर आणीन. पंचनाम्यात क्रमांकाच्या ठिकाणी कुणी घाईने 'दिसत नाही' असे लिहू लागला तर त्याचा हात धर, ठाणेदार असले तरी धर. तिरप्या उजेडात टॉर्च जवळजवळ आडवी धरली की बुजलेला आकडाही सावलीने उभा राहतो. बेल्जियमच्या या मालावर बहुधा कारखान्याने सुटे भाग जुळवण्यासाठी मारलेला आकडाच असतो, पण तुमच्या पुस्तिकेत शस्त्राचा क्रमांक म्हणून तोच उतरवला गेला असणार, आणि दोन्ही जुळले तर ही रिव्हॉल्व्हर पणजोबांचीच, हे कुणाला नाकारता येणार नाही. तुझ्या चौथ्या छायाचित्रात चौकटीवर, मुठीच्या लाकडाला लागून चार अंकी आकडा दिसतो. त्यातले पहिले तीन अंक मला लागले: ४, १, ७. शेवटचा ३ आहे की ८, ते कळत नाही, कारण तिथे तेलाचा थेंब वाळून बसला आहे. तो थेंब पुसू नकोस. पुस्तिका सापडली की तिच्यातला शेवटचा अंक आधी कुणालाही न सांगता कागदावर लिहून पाकिटात बंद कर. मी आल्यावर आधी लोखंड वाचू आणि मग पाकीट फोडू.

तुझा,
काका